वीजजाळ्यात आयपीव्ही६ आणताना: मीटरपासून नियंत्रण कक्षापर्यंत, पायरी पायरीने

पहिल्या फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिनीवर, आयपीव्ही६ (इंटरनेटच्या पत्त्यांची नवी पद्धत) चालू केलं त्या रात्री सगळे मीटर पिंगला उत्तर देत होते. चालू रीडिंगही वेळेवर येत होतं. पण एखाद्या मीटरकडे महिन्याभराचा लोड प्रोफाइल (ठरावीक अंतराने नोंदलेला वीजवापर) मागितला की जोडणी लटकून राहायची. ना उत्तर, ना चुकीचा संदेश. आम्ही मीटर बदलून पाहिला, मोडेम बदलला, अँटेनाची जागा हलवली. तीन दिवसांनी कारण सापडलं ते फायरवॉलवरच्या एका नियमात. आयपीव्ही४च्या काळात तो नियम आम्ही सगळीकडे डोळे मिटून लावत आलो होतो. तो कोणता, ते सातव्या पायरीत सांगते.

स्मार्ट मीटर, सौर इन्व्हर्टर, गाड्यांचे चार्जर, फीडरवरचे सेन्सर यांचं जाळं तुमच्या हाती नुकतंच आलं असेल आणि ‘आता आयपीव्ही६वर जायचंय’ एवढंच तुम्हाला सांगितलं गेलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. नेटवर्किंगची तोंडओळख आहे असं धरून लिहिते आहे. वीजयंत्रणेचं ज्ञान कमी असेल तरी चालेल.

मुळात हे हवं कशाला?

आयपीव्ही४चा पत्ता ३२ बिटांचा. त्यात एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते बसतात, आणि मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गट फेब्रुवारी २०११मध्येच प्रादेशिक नोंदणी संस्थांना वाटून संपले. तेव्हापासून वीज कंपन्यांनी खासगी पत्त्यांवर दिवस काढले. त्यातला सगळ्यात मोठा गट १०.०.०.०/८, म्हणजे १,६७,७७,२१६ पत्ते. ऐकायला भरपूर वाटतात. पण उपकेंद्रं, फीडर, डेटा कॉन्सन्ट्रेटर (अनेक मीटरांचं रीडिंग गोळा करून पुढे पाठवणारी पेटी) असे तुकडे पाडायला लागलं की प्रत्येक तुकड्यात काही पत्ते वाया जातात. त्यातच दोन विभागांनी तेच पत्ते वेगवेगळे वापरले असतील आणि पुढे दोघांचं नियंत्रण एकत्र आलं, तर दोन मीटरांचा पत्ता एकच निघतो. मग भाषांतराच्या पेट्या, म्हणजे नॅट, बसवाव्या लागतात.

आणि वीजजाळ्यात खरा त्रास नॅटचाच आहे. आपण संगणकावरून एखादं संकेतस्थळ उघडतो तेव्हा हाक आतून बाहेर जाते, ती नॅट नीट सांभाळतो. वीजजाळ्यात हाक उलट्या दिशेने मारायची असते. नियंत्रण कक्षाला अमुक मीटरचं रीडिंग आत्ता हवं असतं, अमुक इन्व्हर्टरचं उत्पादन कमी करायचं असतं, एका रोहित्रावरचे चार्जर थोडे मंद करायचे असतात. नॅटच्या तक्त्यातून गप्प बसलेल्या उपकरणाची नोंद थोड्या वेळाने पुसली जाते. ती टिकावी म्हणून उपकरणाला सतत ‘मी आहे, मी आहे’ असं सांगत राहावं लागतं. मीटरला वीज आयती मिळते, त्यामुळे त्याचं निभावतं. बॅटरीवरच्या सेन्सरचं मात्र यात आयुष्य झिजतं.

तिसरं कारण असं की आयपीव्ही६ तुमच्या जाळ्यात बहुधा आधीच शिरलं आहे. रेडिओ मेशसाठीचं (जिथे उपकरणं एकमेकांचे निरोप पुढे देतात) वाय-सन फॅन आयपीव्ही६वर उभं आहे. वीजतारेवरून बोलणारं जी३-पीएलसीही तसंच. इन्व्हर्टर, चार्जर अशा उपकरणांशी संवादाचं आयईईई २०३०.५ हे मानक आयपीव्ही६ धरूनच बेतलं आहे, आणि गाडी व चार्जर यांच्यातला आयएसओ १५११८ प्रमाणे होणारा संवाद तर आयपीव्ही६शिवाय होतच नाही.

१. आधी हे गोळा करा

कागदपत्रं:
- सगळ्या उपकरणांची यादी: बनावट, मॉडेल, फर्मवेअर आवृत्ती, बसवल्याचं वर्ष
- वीजयंत्रणेचा एकरेषीय आराखडा (उपकेंद्र ते रोहित्र)
- सध्याचा पत्त्यांचा तक्ता, मग तो कुणाच्या जुन्या स्प्रेडशीटमध्ये का असेना
- मोबाइल सेवादाराबरोबरच्या खासगी एपीएनच्या (मोबाइल जाळ्यातल्या फक्त आपल्यासाठीच्या वाटेच्या) कराराची प्रत
- फायरवॉलचे सगळे नियम आणि प्रत्येक नियम कुणी, कशासाठी लावला त्याची नोंद
- पुरवठादाराकडून लेखी उत्तर: कुठल्या फर्मवेअरपासून आयपीव्ही६ चालतं आणि त्यात काय चालत नाही

साधनं: वायरशार्क, पिंग आणि ट्रेसरूटच्या आयपीव्ही६ आवृत्त्या, पत्त्यांची नोंद ठेवायला नेटबॉक्ससारखी प्रणाली आणि प्रयोगशाळेत टेबलावर मांडलेला प्रत्येक प्रकारच्या उपकरणाचा निदान एक नमुना. मेशचा अभ्यास हार्डवेअरशिवाय करायचा असेल तर कॉन्टिकी-एनजीबरोबर येणारा कूजा सिम्युलेटर उत्तम.

पुरवठादाराच्या माहितीपत्रकावर ‘आयपीव्ही६ सज्ज’ लिहिलेलं असतं, त्यावर थांबू नका. मॉडेमला आयपीव्ही६ येतं, पण त्याच पेटीतल्या मीटरच्या अर्ध्या सेवा आयपीव्ही४वरच चालतात, असा अनुभव तुम्हाला येईलच. प्रश्न नेमके विचारा. फर्मवेअर अपडेट आयपीव्ही६वरून होतं का? घड्याळ जुळवणी? अलार्म? नाव शोधताना उपकरण एएएए नोंद (नावाचा आयपीव्ही६ पत्ता सांगणारी डीएनएस नोंद) मागतं का?

२. काय पत्त्यावर चालतं आणि काय नाही, ते वेगळं करा

उपकेंद्रातली प्रत्येक गोष्ट आयपीवर चालत नाही. आयईसी ६१८५० मधले गूस आणि सॅम्पल्ड व्हॅल्यू हे संदेश थेट इथरनेटवर जातात. त्यांना आयपीचा पत्ताच नसतो. संरक्षण रिलेंमधले हे संदेश तुमच्या कामाच्या कक्षेत येत नाहीत, तेव्हा त्यांच्या स्विचला हात लावू नका. आरएस-४८५ वर बोलणारे जुने मीटरही तसेच. त्यांच्या वतीने कॉन्सन्ट्रेटर बोलतो, तेव्हा पत्ता कॉन्सन्ट्रेटरला हवा.

उरलेल्या प्रोटोकॉलांची, म्हणजे उपकरणं बोलतात त्या भाषांची, पोर्टसकट यादी करा. आयईसी ६०८७०-५-१०४ साठी २४०४, डीएनपी३ साठी २००००, मॉडबस टीसीपीसाठी ५०२, मीटरच्या डीएलएमएससाठी ४०५९, कोॲपसाठी ५६८३. फायरवॉलच्या पायरीला हीच यादी लागणार आहे, म्हणून ती आत्ताच नीट करा.

*सापळा:* सुरक्षेच्या तपासणी यादीत ‘वापरात नसेल तर आयपीव्ही६ बंद करा’ असं एक कलम बऱ्याचदा असतं. चार्जरवर कुणी ते मन लावून अमलात आणलं, तर आयएसओ १५११८ बोलणारी गाडी चार्जरशी बोलूच शकत नाही. गाडी चार्जरला शोधते तीच मुळी स्थानिक आयपीव्ही६ मल्टिकास्टवरून (एकदम अनेकांना मारलेल्या हाकेवरून), यूडीपी पोर्ट १५११८ वर. चूक मात्र चार्जिंग केबलच्या माथी मारली जाते.

३. प्रिफिक्स कुठून घ्यायचा

प्रिफिक्स म्हणजे पत्त्याचा सुरुवातीचा, जाळं ठरवणारा भाग. तो मिळवायच्या तीन वाटा आहेत.

पहिली, प्रादेशिक नोंदणी संस्थेकडून स्वतःच्या नावावर प्रिफिक्स घेणं. एपीनिक, राइप एनसीसी, एरिन, लॅकनिक, आफ्रिनिक यांपैकी तुमच्या प्रदेशाची जी असेल ती. अर्जात जाळ्याचा आकार आणि पत्त्यांचा आराखडा द्यावा लागतो, म्हणून पुढची पायरी कागदावर आधी करून ठेवा.

दुसरी, सेवादाराने दिलेला प्रिफिक्स वापरणं. झटपट होतं, आणि म्हणूनच फसायला होतं. सेवादार बदलला की सगळ्या मीटरांचे पत्ते बदलतात. मीटर दहा-पंधरा वर्षं भिंतीवर राहतो. सेवादाराबरोबरचा करार तेवढा टिकेल याची खात्री कोण देणार?

तिसरी, एफडी ने सुरू होणारे स्थानिक पत्ते. त्यात पुढचे ४० बिट यादृच्छिक निवडायचे असतात. लोक आळसाने तिथे शून्यं भरतात आणि १०.०.०.०चाच जुना घोटाळा नव्याने मांडून ठेवतात. आणखी एक बारीक गोष्ट आहे. आरएफसी ६७२४ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) च्या मूळ प्राधान्य तक्त्यात हे स्थानिक पत्ते आयपीव्ही४च्याही खाली आहेत. एखाद्या नावाला आयपीव्ही४ आणि स्थानिक आयपीव्ही६ अशा दोन्ही नोंदी असतील, तर तुमचा सर्व्हर मुकाट्याने आयपीव्ही४ने जाईल. तुम्ही मात्र आयपीव्ही६ची चाचणी यशस्वी झाली असं समजत राहाल.

माझं स्पष्ट मत पहिल्या वाटेच्या बाजूने आहे. यावर ‘म्हणजे आमचे मीटर जगाला उघडे पडणार’ अशी भीती बैठकीत कुणीतरी बोलून दाखवतंच. तसं होत नाही. पत्ता जगात एकमेव असणं वेगळं आणि तिथवर कुणालाही पोहोचता येणं वेगळं. प्रिफिक्स इंटरनेटवर जाहीरच केला नाही, तर बाहेरून तिकडे वाटच नसते.

मोबाइलवरचे मीटर असतील तर सेवादाराशी आजच बोला. साधारणतः प्रत्येक मोडेमला त्यांच्या साठ्यातला एक /६४ (पहिले ६४ बिट ठरलेला प्रिफिक्स) मिळतो. खासगी एपीएनवर तुमचाच प्रिफिक्स वापरायचा असेल तर तसं करारात लिहून घ्यावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो.

४. पत्त्यांचा आराखडा वीजयंत्रणेवरून आखा

या कामात सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पुढचं सगळं दुरुस्त करता येतं. बसवलेल्या लाखो उपकरणांचा आराखडा दुरुस्त करणं महाकठीण.

आयपीव्ही६चा पत्ता सोळा प्रकारच्या चिन्हांनी लिहितात: ० ते ९ आणि पुढे ए ते एफ. एक चिन्ह म्हणजे ४ बिट. विभागणी नेहमी पूर्ण चिन्हावर करा, अध्येमध्ये नको. मग पत्ता डोळ्यांनी वाचता येतो.

समजा तुम्हाला /३२ मिळाला. उदाहरणासाठी २००१:डीबी८::/३२ घेऊ. हा प्रिफिक्स दस्तऐवजांतल्या उदाहरणांसाठीच राखलेला आहे, खऱ्या जाळ्यात वापरू नका. त्यापुढची मांडणी अशी करता येईल:

- पहिलं चिन्ह: काम. १ मीटर, २ उपकेंद्रातली देखरेख, ३ चार्जर, ४ सौर इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या, एफ जाळ्याची स्वतःची यंत्रं
- दुसरं चिन्ह: मंडळ (१६ पर्यंत)
- पुढची दोन चिन्हं: उपकेंद्र (२५६ पर्यंत)
- पुढची दोन: फीडर
- शेवटची दोन: कॉन्सन्ट्रेटर

आता २००१:डीबी८:१ए०७:२सी०३::/६४ हा पत्ता वाचून पाहा. मीटर, ए मंडळ, ०७ उपकेंद्र, २सी फीडर, ०३ कॉन्सन्ट्रेटर. रात्री दोन वाजता अलार्म आला तर तक्ता न उघडता बिघाडाची जागा कळते. एका कॉन्सन्ट्रेटरला एक /६४ हे प्रमाण ठेवा. त्यात सुमारे १८ अब्ज गुणिले अब्ज पत्ते रिकामे राहतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. आयपीव्ही४मध्ये पत्ते वाचवायची सवय लागलेल्यांना हे जड जातं, पण इथे वाचवायचा तो माणसाचा वेळ.

काम आधी की मंडळ आधी, यावर आमच्याकडे भरपूर वाद झाला. मंडळ आधी घेतलं तर राउटिंगचा तक्ता छोटा होतो. काम आधी घेतलं तर फायरवॉलचा नियम छोटा होतो: ‘सगळे मीटर’ म्हणजे २००१:डीबी८:१०००::/३६, एका ओळीत. राउटर मोठा तक्ता पेलतो. फायरवॉलचे दोनशे नियम माणसाला पेलत नाहीत. म्हणून काम आधी.

*सापळा:* प्रत्येक गटातली सुरुवातीची शून्यं लिहिताना गळतात. फीडर ०सी आणि कॉन्सन्ट्रेटर ०३ असा गट ०सी०३ न दिसता नुसता सी०३ दिसतो. घाईत वाचणारा त्याला सी० फीडर समजतो. आम्ही शेवटी फीडरचे क्रमांक १० पासून सुरू केले आणि हा गोंधळ मिटला. आराखडा गोठवण्याआधी तुम्हीही हे करा.

५. पत्ता म्हणजे ओळख नव्हे

मीटरची ओळख म्हणजे त्याचा अनुक्रमांक, किंवा डीएलएमएसमधलं सिस्टिम टायटल. पत्ता म्हणजे तिथवर जायची आजची वाट. फीडरची जोडणी बदलली, मीटर मेशमध्ये शेजारच्या कॉन्सन्ट्रेटरकडे गेला, की पत्ता बदलतो. बिलिंगच्या तक्त्यात पत्ता ही मुख्य किल्ली असेल, तर आधी ती काढून टाका. बाकी सगळं त्यानंतर.

पत्त्याचा उरलेला ६४ बिटांचा भाग कसा बनवायचा, हाही निर्णय तुमचा. जुन्या पद्धतीत उपकरणाचा मॅक पत्ता त्यात जवळजवळ जसाच्या तसा येतो, मध्ये एफएफएफई घालून आणि एक बिट उलटा करून. त्यावरून निर्माता ओळखता येतो, आणि एका बनावटीतली त्रुटी बाहेर आली की त्या बनावटीचे मीटर शोधणं हल्लेखोराला सोपं जातं. ::१, ::२, ::३ असे ओळीने क्रमांक देणं त्याहून वाईट. आरएफसी ७२१७ प्रमाणे बनलेले स्थिर पण अंदाज न येणारे आकडे घ्या. यादृच्छिक पत्ता असलेला एक /६४ सेकंदाला १० लाख पत्त्यांच्या वेगाने चाळायचा म्हटलं तर ५ लाखांहून जास्त वर्षं लागतील. मेशच्या रेडिओत मात्र मॅकवरून बनलेला पत्ता हेडर आखडण्याच्या सोयीचा पडतो. तिथे पुरवठादाराच्या पद्धतीनेच जावं लागलं, तर त्याची नोंद सुरक्षेच्या दस्तऐवजात करून ठेवा.

६. सॉफ्टवेअर आधी तपासा, तारा नंतर

पत्ता लिहायच्या रकान्याची लांबी बघा. आयपीव्ही४ला १५ अक्षरं पुरायची. आयपीव्ही६ला ३९ लागतात, आणि आत आयपीव्ही४ गुंडाळलेल्या रूपात ४५. रकाना लहान असेल तर काही डेटाबेस चूक न दाखवता शेपूट कापतात, आणि शेपटातच मीटरमीटरमधला फरक असतो.

लॉग वाचणाऱ्या स्क्रिप्टा अपूर्णविरामावर (:) ओळ तोडतात का, ते पाहा. ‘पत्ता:पोर्ट’ असं गृहीत धरलेली प्रत्येक ओळ मोडेल. आयपीव्ही६मध्ये पोर्ट जोडताना पत्ता चौकोनी कंसात घालावा लागतो. एकच पत्ता अनेक प्रकारे लिहिता येत असल्याने एक मीटर दोनदा नोंदला जाण्याचाही धोका असतो. आरएफसी ५९५२ मध्ये लिहिण्याची एकच ठरलेली रीत दिली आहे. साठवण्याआधी प्रत्येक पत्ता त्या रूपात आणा.

७. फायरवॉल: तो नियम

आता सुरुवातीची गोष्ट पुरी करते. नियम होता, ‘आयसीएमपी बंद’. फक्त पिंगपुरती सूट दिलेली होती.

आयपीव्ही४मध्ये मोठं पाकीट अरुंद वाटेला लागलं की मधला राउटर त्याचे तुकडे करू शकतो. आयपीव्ही६मध्ये मधला राउटर तुकडे करत नाही. तो पाकीट टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला आयसीएमपीव्ही६ चा प्रकार २ चा संदेश धाडतो: पाकीट फार मोठं आहे, इतक्या बाइटचं पाठव. आमचे मीटर मोबाइलवरचे होते. त्यांच्या बाजूला १५०० बाइटची वाट आणि पुढे डेटा सेंटरकडे जाणारा टनेल त्याहून अरुंद. टनेलच्या तोंडाशी असलेला राउटर इमानाने निरोप पाठवत होता. आमची फायरवॉल तो वाटेतच गिळत होती. चालू रीडिंग छोट्या पाकिटात मावायचं, म्हणून ते पोहोचायचं. लोड प्रोफाइलची पाकिटं मोठी, ती हरवायची, आणि मीटर तीच पुन्हा पुन्हा पाठवत बसायचा.

तेव्हा आयसीएमपीव्ही६चे प्रकार १, २, ३ आणि ४ जाऊ द्या. एकाच लिंकवर शेजारी शोधण्यासाठी १३३ ते १३६ लागतात. ते अडवले तर काहीच चालणार नाही. काय सोडायचं आणि काय अडवायचं ते आरएफसी ४८९० मध्ये तपशिलाने आहे. टनेलवर टीसीपीचा एमएसएस (एका पाकिटातल्या डेटाची कमाल लांबी) १२२० वर बांधून ठेवलात तर आणखी एक आधार मिळतो.

चाचणी सोपी आहे. १२३२ बाइटचा पिंग गेलाच पाहिजे. १४५२ बाइटचा एक तर जावा, नाही तर ‘पाकीट मोठं’ असं उत्तर यावं. नुसती शांतता आली तर वाटेत कुठेतरी निरोप गिळला जातोय.

दुसरा सापळा जास्त धोक्याचा आहे, कारण तो कुणाला जाणवतच नाही. हल्लीच्या संगणकप्रणालींत आयपीव्ही६ मुळातच चालू असतं. प्रत्येक इंटरफेसला एफई८० ने सुरू होणारा पत्ता आपोआप मिळतो. फायरवॉलचे नियम फक्त आयपीव्ही४साठी लिहिलेले असतील, तर दुसरं दार सताड उघडं राहतं. ‘आम्ही अजून आयपीव्ही६ वापरत नाही’ म्हणणाऱ्यांनी तर आजच हे तपासावं. उपकेंद्राच्या स्विचवर आरए गार्ड चालू करा, नाही तर कुणी जोडलेला एखादा लॅपटॉप स्वतःला राउटर म्हणवून घेईल आणि सगळी यंत्रं त्याचं ऐकतील.

नॅट गेला म्हणजे सुरक्षा गेली, असं होत नाही. बाहेरून आत येणारं सगळं मुळातच बंद आणि फक्त हेड-एंडच्या (मीटरांशी बोलणाऱ्या मध्यवर्ती यंत्रणेच्या) ठरावीक पत्त्यांवरून दुसऱ्या पायरीतल्या पोर्टांवर मुभा, एवढा नियम नॅटपेक्षा भक्कम आहे. त्याच्या जोडीला डीएलएमएसची स्वतःची कूटबद्धता चालू हवीच. किल्ल्या कारखान्यातल्याच राहिल्या असतील तर त्या बदला.

८. दोन्ही कुठे, फक्त सहा कुठे

सगळीकडे दोन्ही प्रोटोकॉल एकत्र चालवणं सुरक्षित वाटतं. प्रत्यक्षात दोन पत्त्यांचे तक्ते, दोन फायरवॉल आणि प्रत्येक बिघाडाला ‘कुठल्यावर बिघडलं?’ हा जास्तीचा प्रश्न पदरात पडतो. दोन्ही फक्त हेड-एंडवर आणि नियंत्रण कक्षात ठेवा. कॉन्सन्ट्रेटरच्या खाली फक्त आयपीव्ही६.

आयपीव्ही६वरच्या उपकरणाला एखादा जुना आयपीव्ही४ सर्व्हर गाठायचा असेल तर नॅट६४ आणि डीएनएस६४ ची, म्हणजे आयपीव्ही६ आणि आयपीव्ही४ यांच्यात भाषांतर करणारी, जोडी वापरा. ही जोडी नावांवर चालते. उपकरणाच्या आत आयपीव्ही४चा आकडाच कोरलेला असेल, तर डीएनएस६४ काही करू शकत नाही. पहिल्या पायरीतले प्रश्न पुरवठादाराला विचारून घ्यायला सांगितले, ते यासाठीच.

९. रेडिओचा अरुंद बोळ

आयईईई ८०२.१५.४ च्या मूळ रेडिओत एक चौकट (फ्रेम, एका वेळी पाठवायचा तुकडा) जास्तीत जास्त १२७ बाइटची. तिची स्वतःची शीर्षकं आणि सुरक्षा वजा केली तर ८१ बाइट उरू शकतात. आयपीव्ही६चं हेडर ४० बाइट, यूडीपीचं ८. हाती राहतात ३३. म्हणून मध्ये ६लोपॅनचा थर असतो. तो हेडर आखडतो (एका टप्प्याच्या स्थानिक संवादात ४० बाइटचे अगदी २ सुद्धा होतात) आणि लांब पाकिटांचे तुकडे करून पुन्हा जोडतो. स्मार्ट मीटरांसाठीच्या ८०२.१५.४जी मध्ये चौकट २०४७ बाइटपर्यंत जाऊ शकते, तेव्हा तुमचा रेडिओ कुठला, ते आधी पाहा.

तुकड्यांतला एक हरवला की सगळं पाकीट पुन्हा पाठवावं लागतं. म्हणून मेशवर फर्मवेअर पाठवताना तुकडे छोटे ठेवा, रात्री पाठवा आणि पुरवठादाराकडे मल्टिकास्टची सोय असेल तर तीच वापरा. हजार मीटरांना हजारदा पाठवलं तर आठवडाभर जाळं त्यातच अडकतं.

१०. प्रायोगिक फीडर: वीज घालवून पाहा

दुसऱ्या कुठल्याही जाळ्यात ही चाचणी लागत नाही. आपल्याकडे वीज गेली की जाळंही जातं, आणि वीज येते तेव्हा हजारो उपकरणं एकाच क्षणी जागी होतात. प्रत्येक जण राउटर शोधतो, आपला पत्ता दुसऱ्या कुणाचा नाही ना ते विचारतो, मेशमध्ये जागा मागतो आणि हेड-एंडशी सुरक्षित जोडणी करू पाहतो. शांत दिवशी सुरळीत चालणारं जाळं या गर्दीत गुदमरतं. संचालन विभागाला विश्वासात घ्या, ग्राहकांना रीतसर कळवा आणि ठरवून एक फीडर बंद-चालू करा. दोन आकडे लिहून ठेवा: वीज जाताना मीटरांनी पाठवलेले शेवटचे संदेश किती पोहोचले, आणि वीज आल्यावर ९५ टक्के मीटर परत यायला किती वेळ लागला. दुसरा आकडा फार मोठा निघाला तर जागं होण्याआधीचा यादृच्छिक विलंब वाढवून घ्या.

याच चाचणीत आणखी एक दोष उघडा पडतो. कॉन्सन्ट्रेटरला प्रिफिक्स सेवादाराकडून मिळत असेल, तर पुन्हा चालू झाल्यावर त्याला वेगळाच मिळू शकतो. खालच्या यंत्रांना जुना प्रिफिक्स रद्द झाल्याचं कुणी सांगत नाही. राउटरच्या घोषणेतली मूळ मुदत ७ दिवस पसंतीची आणि ३० दिवस वैधतेची असते, म्हणजे यंत्रं कित्येक दिवस मेलेल्या पत्त्यावरून बोलत राहतात. स्वतःचा स्थिर प्रिफिक्स असेल तर हा प्रश्न येतच नाही. नसेल तर या मुदती काही तासांवर आणा.

११. आयपीव्ही४ बंद करणं

प्रायोगिक फीडरवर सगळं सुरळीत झालं की आयपीव्ही४ लगेच तोडू नका. निदान एक पूर्ण बिलिंग चक्र हेड-एंडवर आयपीव्ही४ने येणारी प्रत्येक जोडणी लॉगमध्ये पकडा. काही कामं महिन्यातून एकदाच होतात, आणि आठवडाभर पाहणाऱ्याला ती दिसत नाहीत.

मग तोडा, एका वेळी एक फीडर, आणि परत जोडायची आज्ञा लिहून हाताशी ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी रीडिंग पाहण्याआधी मीटरांची घड्याळं पाहा. वेळ देणाऱ्या सर्व्हरचा पत्ता बऱ्याच उपकरणांत आयपीव्ही४च्या आकड्यांत भरलेला असतो. तो तुटला तरी अलार्म वाजत नाही. घड्याळ रोज थोडं थोडं सरकत जातं, आणि वेळेनुसार दर लावणाऱ्या बिलात संध्याकाळच्या महागड्या तासांची वीज चुकीच्या तासाच्या नावावर पडू लागते. म्हणून पहिला आठवडा रोज, मग महिनाभर आठवड्यातून एकदा, त्या फीडरवरच्या वीस-पंचवीस मीटरांची वेळ हेड-एंडच्या वेळेशी ताडून पाहा. फरक वाढत नाही अशी खात्री पटली की पुढचा फीडर घ्या.